‘कबूल’ म्हणण्याआधी

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात प्लास्टिकची फाइल, चेहरा उतरलेला. पोलीस भरतीची मैदानी आणि लेखी अशा दोन्ही परीक्षा त्यानं पार केल्या होत्या, निवड यादीत नाव होतं, मोहल्ल्यात पेढे वाटून झाले होते. आता साक्षांकन नमुना भरायचा होता. त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, यहाँ क्या लिखूँ?”

तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का, न्यायालयानं दोषी ठरवलं आहे का, असं त्या रकान्यात विचारलं होतं.

“तुझ्यावर कसला गुन्हा?” मी विचारलं.

“वो लॉकडाउनवाला, सर. पाँच सौ रुपये भरे थे ना. आप ही बोले थे, भरके मोकळा हो जा.”

हो, मीच म्हणालो होतो. २०२०च्या मे महिन्यात, रमजानमध्ये, बारावी झालेला हा मुलगा मामाच्या गाड्यावर टरबूज विकत होता. ठरवून दिलेल्या वेळेनंतर गाडा उभा होता म्हणून पोलिसांनी मामा-भाचे दोघांना ठाण्यात नेलं. भारतीय दंड संहितेचं कलम १८८ आणि २६९ लागलं, नोटीस देऊन सोडलं. पुढे दीड वर्षानं समन्स आलं. तारीख नेमकी लोकअदालतीच्या दिवशीची होती. त्याची आई माझ्याकडे आली. घरात कोर्टाचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मी शिकलेला माणूस, बीएड झालेला, शाळेत नागरिकशास्त्राचे तासही घेतो. मी सांगितलं, “आपा, किरकोळ आहे. दंड भरायचा, पावती घ्यायची, विषय संपला.”

विषय संपला नव्हता. त्या पावतीमागे एक निकाल होता आणि त्यात त्याला दोषी ठरवलं होतं. हे ना त्याला कळलं, ना मला. ज्याला सल्ला देण्याचा अधिकार नाही त्यानं आत्मविश्वासानं सल्ला दिला की काय होतं, ते तेव्हापासून मी पाहतो आहे. म्हणून हा लेख. मी वकील नाही. गेल्या वर्षभरात दोन वकिलांच्या पायऱ्या झिजवून आणि कायद्याची पुस्तकं वाचून जे समजलं, ते लिहितो आहे.

आधी शब्दांचं बघू, कारण माझा धंदाच तो. उर्दूत ज्याच्यावर आरोप आहे तो मुल्जिम आणि ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला तो मुजरिम. आपल्या मोहल्ल्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मराठीतही आरोपी आणि गुन्हेगार यांची अशीच गल्लत होते. मुल्जिमचा मुजरिम व्हायला एरवी साक्षीदार लागतात, उलटतपासणी लागते, पुरावा लागतो, बऱ्याचदा वर्षंच्या वर्षं लागतात. ‘कबूल’ म्हटलं की हे सगळं ओलांडून माणूस एका क्षणात पलीकडे जातो. सरकारी पक्षाला काहीच सिद्ध करावं लागत नाही.

निकाहातसुद्धा आपण ‘कबूल’ एवढ्या सहज म्हणवून घेत नाही. मुलीकडे वकील जातो, सोबत दोन गवाह असतात, मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहेरची रक्कम सगळं ऐकवतात, मग विचारतात. तिला कुणी घाई केली तर आतल्या बायकाच ओरडतात. आणि कोर्टात? वकील नाही, गवाह नाही, काय कबूल करतोय ते धड ऐकलेलं नाही. पुकारा झाला, कठड्यापाशी उभं राहिलो, कुणीतरी मागून कोपर मारलं, “हौ बोल दे.”

त्या दिवशी जिथे गोंधळ झाला ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हजारो लोकांचा तिथेच होतो. लोकअदालतीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मांडव असतो, टेबलं मांडलेली असतात, गर्दी असते. एका टेबलावर तडजोड चालते. शेजाऱ्याशी मारामारी झाली, चेक परत आला, फिर्यादी आणि आरोपी समोरासमोर बसतात आणि प्रकरण मिटतं. कायद्यात याला गुन्हा आपसात मिटवणं म्हणतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२०मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९मध्ये आहे. अशी तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. आणि त्याच दिवशी, त्याच आवारात, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर किरकोळ खटले निकाली काढण्याची खास मोहीम असते, तिला तिथे ‘स्पेशल ड्राइव्ह’ म्हणतात. तिथे आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, खटला बंद होतो. ही दोषसिद्धी. बाहेर पडणारा माणूस दोन्हीला एकच म्हणतो, “लोकअदालतीत मिटलं.” एकाच्या नावापुढे निर्दोष, दुसऱ्याच्या नावापुढे दोषी, आणि दोघांच्या खिशात सारखाच दिसणारा कागद.

म्हणून पहिला प्रश्न, जो मी विचारला नाही: हे मिटवणं आहे की कबूल करणं? फिर्यादी एखादा माणूस असेल आणि कलम तडजोडीचं असेल तर कबूल करण्याची गरजच काय? मारामारी, शिवीगाळ, किरकोळ नुकसान या आपल्या वस्त्यांतल्या रोजच्या प्रकरणांतली बरीच तडजोडीत बसतात. भरपाई द्या, माफी मागा, सुलह करा, आणि ती सुलह कोर्टाच्या कागदावर आणा.

दुसरा प्रश्न: हा खटला मुळात उभा राहतो का? हे ऐकल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. कलम १८८, म्हणजे सरकारी आदेशाचा भंग, याची दखल न्यायालयानं घ्यायची तर ज्या अधिकाऱ्यानं आदेश काढला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र पुरत नाही. जुन्या संहितेचं कलम १९५ तसं सांगतं, नव्या संहितेतही कलम २१५मध्ये ती अट आहे. लॉकडाउनच्या पुष्कळ प्रकरणांत अशी तक्रार नव्हतीच. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदांतही ती नाही. हे बघायला एका वकिलाला दहा मिनिटं लागली असती. आम्ही ती दहा मिनिटं वाचवली.

त्यावर कडी म्हणजे २०२२मध्ये राज्य सरकारनं लॉकडाउनमधले १८८चे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं. खटला ज्यांचा चालू होता, त्यांच्यापुढे सुटकेचं दार उघडलं. ज्यांनी शहाणपणानं, माझ्यासारख्याच्या शहाणपणानं, आधीच कबूल करून दंड भरला होता त्यांच्याकडे मागे घ्यायला काही उरलंच नव्हतं. आळस करून तारखा चुकवणारे परवडले.

याच काळातलं आणखी एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. मार्च २०२०मध्ये निजामुद्दीनच्या मरकजचं प्रकरण झालं. दिल्लीत नऊशेहून अधिक परदेशी तबलिगींवर व्हिसाच्या अटी आणि साथीचे नियम मोडल्याबद्दल दोषारोपपत्रं दाखल झाली. जुलैपासून त्यातल्या बहुतेकांनी प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेचा मार्ग घेतला. कुणाला पाच हजार, कुणाला सात, कुणाला दहा हजार रुपये दंड झाला आणि ते आपापल्या देशी गेले. ४४ जणांनी मात्र कबूल करायला नकार दिला. खटला चालवा म्हणाले. त्यातल्या आठ जणांना ऑगस्टमध्येच आरोपमुक्त केलं गेलं, कारण त्यांच्याविरुद्ध प्रथमदर्शनीही काही नव्हतं. उरलेल्या ३६ जणांना १५ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयानं निर्दोष सोडलं. त्या काळात ते मरकजमध्ये हजर होते हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. इकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्टला अहमदनगर जिल्ह्यातल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्दच केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता निकालात बोलून दाखवली. भारतीयांचं गाडं आणखी रेंगाळलं. परदेशी पाहुण्यांना मशिदीत किंवा घरात आसरा दिला म्हणून दिल्लीत ज्या ७० भारतीयांवर खटले होते, ते दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये रद्द केले. पाच वर्षं लागली.

ज्यांनी दंड भरून विमान पकडलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. परक्या मुलुखात अडकलेले, घरी बायकापोरं, बाहेर साथ, हातातला पैसा संपलेला. त्यांना परत जायचं होतं आणि पुन्हा इथे नोकरीचा अर्ज करायचा नव्हता. त्यांच्यासाठी तो हिशेब बरोबर असेल. आपल्याला इथेच राहायचं आहे. चारित्र्य पडताळणी इथल्याच ठाण्यातून होणार आहे. शिवाय परदेशी तबलिगींच्या कबुलीचे फोटो वाहिन्यांवर कसे दाखवले गेले आणि डिसेंबरच्या निर्दोष निकालाला किती जागा मिळाली, हेही आपण पाहिलं आहे.

आता तिसरा प्रश्न, सर्वांत महत्त्वाचा: याचे पडसाद कुठे कुठे उमटणार? दंड किती, एवढंच आपण विचारतो. पाचशे की हजार. पण दंडाची रक्कम ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. सरकारी नोकरी, पोलीस, सैन्य, रेल्वे, शिक्षकाची नोकरी, शस्त्र किंवा रेशन दुकानाचा परवाना, आखाती देशात जाताना लागणारं पोलिसांचं प्रमाणपत्र या सगळ्या ठिकाणी तो निकाल पुन्हा वर येऊ शकतो. त्याच तऱ्हेचा गुन्हा पुन्हा दाखल झाला तर तुम्ही ‘पूर्वी शिक्षा झालेले’ ठरता आणि काही कायद्यांत दुसऱ्या वेळची शिक्षा वाढते. जुगाराच्या केसमध्ये दर वेळी दोन-तीनशे रुपये भरून मोकळे होणारे आपल्या कट्ट्यावरचे लोक आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५७खाली तडीपारी होते ती अशा मागच्या शिक्षा मोजूनच, हे त्यांना नोटीस आल्यावर कळतं. जनावरांच्या वाहतुकीच्या प्रकरणात ड्रायव्हर दंड भरून सुटायला बघतो. जप्त झालेल्या टेम्पोचं आणि जनावरांचं काय होणार ते मालकानं विचारलेलंच नसतं. या कायद्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६मध्ये राज्याच्या प्राणी रक्षण कायद्यातली दोन कलमं रद्द केली. त्यातल्या एकानं स्वतःचा निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकला होता. म्हणजे ज्या कलमाला घाबरून माणूस आज ‘हौ’ म्हणतो ते उद्या टिकेलच असं नाही.

पासपोर्टबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण इथे कबुलीचा मोह खरा आहे. फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडतो. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६मध्ये ते स्पष्ट आहे. उलट पाचशे रुपये दंडाची शिक्षा झालेल्याला त्याच कलमाखाली सहसा अडवता येत नाही, कारण तिथे नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद अशी अट आहे. मग एजंट सांगतो, कबूल कर, दंड भर, पुढच्या महिन्यात रियाध. उमराहला निघालेल्या बुजुर्गांनाही हाच सल्ला मिळतो. हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण २५ ऑगस्ट १९९३ची केंद्र सरकारची एक अधिसूचना आहे: ज्या कोर्टात खटला चालू आहे त्या कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टानं मुदत लिहिली नसेल तर साधारण वर्षभरासाठी. अर्ज करावा लागतो, एखाद-दोन तारखा जातात. पण त्यासाठी स्वतःला मुजरिम म्हणवून घ्यावं लागत नाही. हे एजंट सांगत नाही, कारण त्याला त्यात काही मिळत नाही.

चौथी गोष्ट प्रश्न नाही, इशारा आहे. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील जवळजवळ नाहीच. जुन्या संहितेत कलम ३७५, नव्या संहितेत ४१६. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं. ‘मी गुन्हा केलाच नव्हता’ असं म्हणायची वाट बंद होते. नाकबूल म्हटलेला माणूस पुढच्या तारखेला विचार बदलून कबूल म्हणू शकतो. कबूल म्हटलेल्याला मागे फिरणं फार अवघड. म्हणून त्या सकाळी काहीच समजत नसेल तर एवढंच म्हणा, “साहेब, मला वकिलाशी बोलायचं आहे, तारीख द्या.” असं म्हटल्यावर साहेब रागावतील अशी भीती आपल्या लोकांना असते. कायद्यानं तर न्यायदंडाधिकाऱ्यांवरही कबुली स्वीकारण्याची सक्ती नाही. स्वीकारायची की नाही हा त्यांच्या विवेकाचा भाग आहे.

वकिलाला पैसे नाहीत, हे कारण मी मुलाच्या आईकडून ऐकलं आणि मान हलवली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७पासून आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीची खोली असते. बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा असेल, अपंग असेल किंवा कोठडीत असेल तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण फळाच्या गाड्यावरचा पोरगा त्या मर्यादेत सहज बसला असता. १५१०० हा नंबर आहे, फोन फुकट लागतो. मी वीस वर्षं शिकवतोय आणि त्या खोलीची पाटी मी मागच्या वर्षी पहिल्यांदा वाचली.

आणखी एक. आरोपी घटनेच्या दिवशी १८ वर्षांच्या आत असेल तर त्याचं प्रकरण या कोर्टात जायलाच नको, बाल न्याय मंडळापुढे जायला हवं. आमच्या मुलांच्या वयाचा घोळ असतो. पोलीस जे वय विचारतात ते पोरगा अंदाजानं सांगतो. शाळेचा दाखला आधी शोधा, कबुलीचं नंतर बघू.

आता तो प्रश्न, जो मला मशिदीच्या पायऱ्यांवर एका जाणत्या माणसानं विचारला. “सर, गुन्हा केलेला असताना नाकबूल म्हणणं म्हणजे झूठ नाही का?” प्रश्न प्रामाणिक होता आणि टोलवण्यासारखा नव्हता. मला असं वाटतं की ‘नाकबूल’ हे घटनेबद्दलचं विधान नाही. शपथेवर दिलेली साक्षही ती नाही. तुम्ही आरोप केलाय, तुम्ही सिद्ध करा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो हक्क घटनेच्या कलम २०नं दिलेला आहे: कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. आणि आपल्या परंपरेकडे पाहायचं तर हजरत माइज यांचा प्रसंग प्रत्येक मदरशात शिकवतात. ते स्वतःहून गुन्हा सांगायला आले, तर रसूलल्लाह यांनी एकदा नाही, वारंवार तोंड फिरवलं. माणूस शुद्धीवर आहे ना, काय बोलतोय ते त्याला कळतंय ना, याची चौकशी केली. कबुली घेण्याची घाई तिथे नव्हती. आमच्या मोहल्ल्यातल्या जबाबदार मंडळींना मात्र असते. “लफडं मिटव” हा आमचा राष्ट्रीय सल्ला.

हे मी निर्दोषांबद्दलच लिहितोय असं नाही. खरंच चूक झाली असेल, कुणाचं नुकसान झालं असेल, तर कबूल करणं योग्य असू शकतं, कधी कधी तेच उत्तम असतं. दारू पिऊन गाडी चालवली आणि कुणाला उडवलं, आणि मग वकिलाच्या आडून साक्षीदार फिरवायचे, याची तरफदारी मी करणार नाही. पण कबूल करायचं तर डोळे उघडे ठेवून. कुठल्या कलमाखाली, कमाल शिक्षा किती, याची नोंद कुठे जाणार, आणि परिवीक्षेचा अर्ज करता येईल का. हा शेवटचा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. १९५८चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. पहिलाच आणि लहान गुन्हा असेल तर शिक्षा न देता ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्ट सोडू शकतं, आणि त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की असं सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. नोकरी देणारं खातं तरीही वर्तणूक तपासू शकतं, पण फरक मोठा आहे. माझ्या विद्यार्थ्याचं वय तेव्हा वीसच्या आसपास होतं. छोटासा अर्ज लागला असता. कुणी केला नाही. त्या दिवशी त्याच्या बाजूनं बोलणारं तिथे कुणी नव्हतंच.

प्ली बार्गेनिंगचं वेगळं प्रकरण आपल्या कायद्यात जुलै २००६पासून आहे. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे, स्त्रियांवरचे आणि लहान मुलांवरचे गुन्हे त्यात बसत नाहीत. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाला हा प्रकारच पसंत नव्हता. गुजरातच्या कासमभाई खटल्यात १९८०मध्ये न्यायालयानं बजावलं होतं की लांबलचक खटल्याच्या धास्तीनं निर्दोष माणूससुद्धा हलकी शिक्षा पत्करून मोकळा होईल. ती भीती किती खरी होती हे मोठ्या खटल्यांतही दिसतं. २०२२मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात आयसिसशी संबंधाच्या खटल्यांतल्या दोन-तीन आरोपींनी पाच-सहा वर्षं तुरुंगात काढल्यावर गुन्हा कबूल केला आणि त्यांना सात-आठ वर्षांच्या शिक्षा झाल्या. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. त्यांनी गुन्हा केला होता की नाही, यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण खटला संपायची वाट पाहण्यापेक्षा शिक्षा भोगणं लवकर संपतं, असा हिशेब जिथे मांडता येतो तिथे कबुली म्हणजे पश्चात्तापच असेल असं कुणी समजू नये. आणि हा हिशेब गरिबाला जामीन न मिळण्यातून सुरू होतो. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

पुन्हा त्या रकान्याकडे येतो. फाइल घेऊन आलेल्या मुलाला मोहल्ल्यातल्या दोघांनी सांगितलं होतं, “‘नाही’ लिही, कोण बघतंय.” या वेळी मी सल्ला देण्याआधी वकिलांकडे गेलो. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा अवतार सिंग निकाल दाखवला. त्याचा सारांश असा की साक्षांकन नमुन्यात माहिती लपवली तर लपवणं हेच नोकरी घालवायला पुरेसं कारण ठरू शकतं. खरी माहिती दिली आणि प्रकरण क्षुल्लक असेल तर नेमणूक करणारा अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. करेलच असं नाही, पण करू शकतो. मुलानं ‘होय’ लिहिलं. खाली कलमं लिहिली, तारीख लिहिली, दंडाची रक्कम लिहिली.

मग निकालाची नक्कल काढली. एका पानाचा छापील नमुना, मोकळ्या जागांमध्ये हातानं भरलेलं नाव. ‘गुन्हा कबूल आहे काय?’ पुढे उत्तर: ‘मला माझ्यावरील दोषारोप समजावून सांगण्यात आला असून मी तो कोणत्याही दडपणाशिवाय स्वेच्छेने मान्य करीत आहे.’ वकिलांनी मला विचारलं, हा असं बोलला असेल का? कायदा असा आहे की आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची. सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातच हे बंधनकारक मानलं आहे.

मी त्याला पाचवीपासून दहावीपर्यंत मराठी शिकवलं आहे. उर्दू माध्यमाचा मुलगा. ‘दडपण’ या शब्दाचं वाक्य करायला दिलं असतं तर त्यानं घराच्या छतावर काहीतरी लिहिलं असतं. ‘स्वेच्छेने’ त्याला आजही येत नाही. मी त्याला विचारलं, “तू नक्की काय बोललास?”

“साहब कुछ तो पूछे, सर. पीछेवाले बोले, हौ बोल. तो मैं हौ बोला.”

त्या एका वाक्यावर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज केला आहे, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. नेमणुकीचा आदेश अजून आलेला नाही. त्याच्या बॅचची मुलं ट्रेनिंगला गेली. तो सध्या मामाच्या गाड्यावर असतो, पहाटे मैदानावर पळायला जातो. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. त्या दिवशी मी शाळेत किरकोळ रजा टाकली आहे.